मार्कर कातडीवर, मोजायचं हाड

पावलाची हालचाल मोजताना इन्फ्रारेड कॅमेरे नीट कॅलिब्रेट केलेले असतील, तर मार्करची जागा मिलिमीटरच्याही आत कळते. तरी टाचेच्या हाडाचा कोन तीन-चार अंशांनी चुकू शकतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. मार्कर म्हणजे चकाकणारा, साधारण ९ ते १४ मिमी व्यासाचा गोळा; तो कातडीला चिकटवलेला असतो आणि कातडी हाडावरून सरकते.

हाड कसं वळलं हे काढायला एका रेषेत नसलेले निदान तीन मार्कर लागतात. मांडीवर ते २०० मिमी अंतरावर लावता येतात. टाचेवर जेमतेम ४० मिमी मिळतात. आता एक मार्कर ३ मिमी आडवा सरकला असं धरा. मांडीवर कोन ०.९ अंशाने चुकेल, टाचेवर ४.३ अंशांनी. (मांडीची कातडी मुळात जास्त हलते, ते वेगळं.) पावलाच्या मधल्या भागातले काही सांधे चालताना वळतातच मोजके अंश, तिथे चूक आणि मोजमाप एकाच मापाचं होऊन बसतं.

सरकणं बघायचं असेल तर आतल्या घोट्याच्या उंचवट्यावर पेनाने ठिपका काढा आणि पाऊल खाली ताणा, मग वर ओढा. हाड बोटाने चाचपलंत तर ठिपका त्याच्या टोकावर राहिला नसल्याचं कळेल. चवड्याच्या वरच्या बाजूला त्रास वेगळा: बोटं वर उचलली की स्नायुबंध ताणून कातडीला उचलतात, म्हणून तिथला मार्कर स्नायुबंधाच्या बाजूला लावावा. टाचेमागचा मार्कर खालच्या चरबीच्या गादीवर नको, आणि इतका वरही नको की टाच उचलताना पडणाऱ्या घडीत सापडेल.

टॅलस हे नडगी आणि टाच यांच्यामधलं हाड तर बाहेरून मार्कर लावण्यासारखं नाहीच. त्यामुळे नडगी आणि टाच यांच्यातला जो कोन 'घोट्याचा' म्हणून छापला जातो, त्यात टॅलसच्या वरचा आणि खालचा असे दोन सांधे मिसळलेले असतात. ऑक्सफर्ड फूट मॉडेलसारख्या पद्धती पावलाच्या २६ हाडांचे मोजके गट करून प्रत्येक गट अखंड मानतात, हीही एक तडजोडच.

दहा पावलांची सरासरी घेतली म्हणजे चूक गेली, हा समज मात्र सोडायला हवा. कातडी प्रत्येक पावलात जवळपास त्याच क्षणी, त्याच दिशेला सरकते. आलेख एकावर एक छान बसतात आणि सगळे मिळून चुकीचे असतात. फिल्टरने, म्हणजे मोजमापातली जलद थरथर गाळणाऱ्या गणिताने, टाच टेकतानाची थरथर कमी होते. पण सरकणं चालण्याच्याच लयीत होत असल्याने ते फिल्टरमधून तसंच पुढे जातं. कडक पट्टीवर मार्कर बसवले तर त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, पण सबंध पट्टीच कातडीबरोबर सरकते आणि संगणकाला काही बिनसल्याचं दिसतही नाही. खरी हालचाल तपासायची तर हाडात पिन बसवाव्या लागतात किंवा दोन दिशांनी क्ष-किरण चित्रण करावं लागतं. दोन्ही नेहमीच्या तपासणीत परवडणारं नाही.

हाताशी असलेले उपाय साधे आहेत. माणसाला दोन्ही पायांवर वजन देऊन उभं करा, मग हाड चाचपा. झोपलेल्या स्थितीत केलेली खूण उभं राहताच हलते. कातडी कोरडी करा, केस काढा, दुहेरी टेपने मार्कर लावा. तीन मार्करांमधली अंतरं स्थिर उभ्या स्थितीत आणि चालताना ताडून पाहा; सगळ्यात जास्त फरक बहुधा टाच उचलून पाऊल ढकलताना दिसेल.

एकाच माणसाची उपचारापूर्वीची आणि नंतरची तुलना तुलनेने सुरक्षित, कारण सरकण्याचा बराच भाग दोन्हींकडे सारखा असतो. अट इतकीच की मार्कर त्याच जागी बसले पाहिजेत. पण उपचाराने पाऊल जास्त वळू लागलं, तर कातडीचं सरकणंही बदलतं आणि दिसणाऱ्या सुधारणेत त्याचा वाटा किती, हे कातडीवरच्या मार्करांवरून वेगळं काढता येत नाही.