ग्रँट डफने मराठ्यांची कागदपत्रं जाळली का?

ईस्ट इंडिया कंपनीचा साताऱ्यातला प्रतिनिधी म्हणजे पोलिटिकल एजंट (1818 ते 1822) कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहून झाल्यावर मूळ कागद जाळले, असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं जातं. याला पुरावा नाही. उलट त्याच इतिहासाच्या 1826च्या तीन खंडांतल्या तळटीपा नीट वाचा: अमुक बखरीची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवली आहे, असं तो स्वतः नोंदवतो. नष्टच करायचं असतं तर नकला कशाला ठेवल्या असत्या? त्या नकला पुढे सापडेनाशा झाल्या, आणि ‘हरवल्या’चं ‘जाळल्या’ झालं. पुण्यातलं पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराची कागदपत्रं, तर शाबूतच राहिलं. त्यातूनच इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड काढले. डफच्या निष्कर्षांवर जरूर तुटून पडा, एकोणिसाव्या शतकात नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी तेच केलं. जाळपोळीचा आरोप मात्र अन्यायाचा आहे.