शाई नवी असेल, पण पेटंटजोगी आहे का?

समजा, कुपवाड एमआयडीसीत लेबलं छापणाऱ्या एका कारखानदारानं द्राक्षाच्या निर्यात पेटीसाठी रंग बदलणारी शाई तयार केली. प्रीकूलिंग करून शून्य-एक अंशावर ठेवलेला माल वाटेत कुठं तापला, तर पेटीतला ठिपका रंग बदलून ते सांगणार. तासगाव-पलूसच्या बागायतदाराला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. माल परदेशात उतरल्यावर देठ सुकलेले आणि मणी मऊ पडलेले निघाले, तर चूक कोल्ड स्टोरेजची, कंटेनरची की पॅकहाउसची, हे ठरवायला हातात काहीतरी पुरावा हवाच. मग कारखानदार विचारतो, ‘दादा, सगळीकडं शोधलं, असलं लेबल कुठंच नाही. म्हणजे पेटंट मिळणारच की?’

एवढ्यावरून मिळत नाही. ‘हे आधी कुठं होतं का?’ आणि ‘हे या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला नावीन्याचा, दुसरा कल्पकतेचा, म्हणजे ज्याला पेटंटवाले इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणतात त्याचा. १९७० च्या पेटंट कायद्याला दोन्ही लागतात. शिवाय वस्तू उद्योगात वापरता यायला हवी, पण शाईच्या बाबतीत त्यावर फारसा वाद होत नाही, म्हणून तो मुद्दा इथं सोडून देतो. पहिल्या दोन्हींची गल्लत झाली, की चांगल्या कामावर पाणी पडतं.

नावीन्याची तपासणी तशी रोखठोक असते. तुमच्या दाव्यात, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागता त्या मजकुरात, लिहिलेल्या सगळ्या गोष्टी, जशाच्या तशा, आधीच्या एकाच कागदात किंवा एकाच वापरात एकत्र आहेत का? असतील तर विषय संपला. तो कागद जपानी असो की जर्मन, वापर इथला असो की परदेशातला, फरक पडत नाही. ती वस्तू विकायला बाजारात आली होती का, हेही कुणी विचारत नाही. मात्र दोन कागदांतले तुकडे जोडून नावीन्य मोडता येत नाही.

सांगलीत हळदीचा दाखला सगळ्यांना कळेल. हळदीनं जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने संस्कृत, उर्दू, हिंदी संदर्भ पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तिथं संशोधकांच्या हुशारीचं वजन करत बसायची वेळच आली नाही. गोष्ट आधीपासून लिहिलेली होती.

नावीन्य आपल्याच हातानंही जातं, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. अर्ज करण्याआधी कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, शाईचा फॉर्म्युला ब्रोशरमध्ये छापला, व्हिडिओ टाकून सगळं उलगडून सांगितलं, की तुमचीच माहिती तुमच्या विरोधात उभी राहते. कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याच्या ठिकाणी मंडप घालून भरवलेलं प्रत्येक प्रदर्शन त्यात बसत नाही.

आता कल्पकता. खरी कुस्ती इथं असते, आणि ती समजायला शाई आतून पाहावी लागते.

उलटसुलट रंग बदलणाऱ्या नेहमीच्या शाईत तीन घटक सूक्ष्म कॅप्सूलमध्ये बंद असतात. एक ल्यूको डाय, जो एकटा असताना रंगहीन असतो. दुसरा त्याला रंगात आणणारा आम्लधर्मी डेव्हलपर. तिसरा ठरावीक तापमानाला वितळणारा द्रावक. द्रावक गोठलेला असताना डाय आणि डेव्हलपर एकमेकांना धरून राहतात, रंग दिसतो. द्रावक वितळला की ती जोडी फुटते आणि रंग जातो. पुन्हा थंड केलं की रंग परत. दुकानातलं थर्मल पेपरचं बिल गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात काळं पडतं, तेही याच कुळातलं रसायन. तिथं उष्णतेनं घटक वितळून एकत्र येतात आणि रंग उमटतो.

म्हणजे रंग किती अंशांवर बदलणार, हे मुख्यतः द्रावक ठरवतो. टेट्राडेकॅनॉल ३८ अंशांच्या आसपास वितळतो, डोडेकॅनॉल २४ च्या, डेकॅनॉल ६-७ च्या. हे आकडे रसायनशास्त्राच्या साध्या तक्त्यात मिळतात. आता आपल्या कारखानदारानं २४ अंशांच्या माहीत असलेल्या शाईत डोडेकॅनॉल काढून डेकॅनॉल घातला आणि द्राक्षाला सोयीची शाई केली. नेमकी हीच शाई आधीच्या एखाद्या कागदात नसेल, तर नावीन्याच्या परीक्षेत तो कदाचित पास होईल. पण कल्पकतेत नापास होण्याची शक्यता मोठी, कारण शाईच्या धंद्यातला कुठलाही केमिस्ट तापमान खाली आणायचं म्हटलं की पहिल्यांदा द्रावकच बदलेल.

इथं पेटंट कार्यालयाचा परीक्षक दोन-तीन कागद जोडू शकतो. एफईआर, म्हणजे पहिला तपासणी अहवाल, हातात पडला की त्यात डी१, डी२ अशी जुन्या कागदांची यादी असते. आपल्या उदाहरणात आणखी एक अडचण आहे. उलटसुलट बदलणारी शाई पेटीच्या कामाची नाही. दुपारी तापलेला माल रात्री पुन्हा थंड झाला, तर ठिपकाही निर्दोष दिसू लागेल. म्हणून एकदा बदललेला रंग परत न फिरणारी शाई हवी. पण ही कल्पनाही जुनी आहे. पोलिओ लशीच्या कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे लस तापली का ते दाखवणारी खूण, १९९६ पासून वापरात आहे. वर्तुळातला फिका चौकोन साठत गेलेल्या उष्णतेनं गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची. डी१ मध्ये तापमानाची शाई, डी२ मध्ये मागं न फिरणारा रंग. दोन्ही जोडणं जाणकाराला सहज सुचेल, असं परीक्षक म्हणेल, आणि त्यात त्याचं फार चुकणारही नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हीच रेघ ओढली. प्रकरण लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या साधनाचं होतं. वर्कशॉपमधला कसबी कारागीर रोजच्या कामात करतो तेवढी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं ठरलं आणि पेटंट टिकलं नाही.

कायद्यात कल्पकतेच्या व्याख्येत ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द आहेत. ते वाचून बरेच जण सुखावतात: या लेबलनं शेतकऱ्याचे लाखो वाचतील, मग झालंच की! पण त्याच वाक्यात पुढची अट आहे, की ती गोष्ट जाणकाराला उघडपणे सुचणारी नसावी. पैसे वाचतात हे खरं असूनही अर्ज पडू शकतो.

मग कल्पकता कुठं सापडेल? माझ्या मते ती पेटीतच, ग्रेप गार्डच्या कागदाजवळ आहे. बुरशी रोखायला ठेवलेल्या त्या पॅडमधलं मेटाबायसल्फाइट ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सोडतं. हा वायू आम्लधर्मी आहे आणि अनेक रंग फिके पाडतो. म्हणजे माल अजिबात तापलेला नसतानाही ठिपका खोटं बोलू शकतो. समजा, कॅप्सूलच्या भिंतीत असा घटक सापडला की वायू अडतो आणि तरीही रंग बदलण्याचं तापमान जागचं हलत नाही, आणि नेहमीच्या उपायांनी हे दोन्ही एकदम साधत नव्हतं. तिथं परीक्षकापुढं ठेवायला दमदार मुद्दा आहे. दावा त्या भिंतीवर लिहा. ‘द्राक्षाच्या पेटीसाठी शाई’ एवढाच दावा केला, तर कलम ३(डी) आडवं येईल. ते फक्त औषधांसाठी आहे असा समज आहे, पण माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोगही त्यात अडकतो. आणि घटक एकत्र करून प्रत्येकाचा आपापला गुणच दिसत असेल, तर ३(ई).

दोन्ही परीक्षांची तयारीही वेगळी. नावीन्यासाठी तारीख सांभाळायची: तोंड बंद ठेवून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. कल्पकतेसाठी पुरावा लागतो, आणि पूर्ण तपशील द्यायला मिळणारे १२ महिने त्यासाठीच वापरावेत. तीच पेटी, तेच पॅड, तेच तापमान ठेवून जुनी शाई आणि तुमची शाई शेजारी-शेजारी तपासा, आणि फसलेल्या भिंतींचे आकडेही वहीत तारखेसह लिहा. जे नेहमीचे उपाय चालले नाहीत, तेच तुमचा उपाय उघड नव्हता हे दाखवतात. हे सगळं पूर्ण तपशिलात आलं पाहिजे, कारण कलम ५९ मुळं तिथं न सांगितलेली गोष्ट एफईआर आल्यावर दुरुस्ती म्हणून घुसडता येत नाही.