वैज्ञानिक प्रतिमा

निरीक्षणातून किंवा मापनातून तयार होणारी आणि पुढील अनुमानासाठी पुरावा म्हणून वापरली जाणारी रेखाटने, छायाचित्रे, आलेख, नकाशे व संगणकीय दृश्ये यांना वैज्ञानिक प्रतिमा म्हणतात. त्या लेखी विवेचनाची केवळ सजावट होत, हे मत मागे पडले असून प्रतिमा घडवताना काय ठेवायचे व काय गाळायचे हा निर्णयच ज्ञाननिर्मितीचा भाग असतो, असे विज्ञानेतिहासकार सामान्यतः मानतात.

या संदर्भात चंद्राच्या आरंभीच्या दुर्बिणीतील रेखाटनांची चर्चा बरीच झाली आहे. इंग्लिश गणितज्ञ टॉमस हॅरियट यांनी जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेनुसार २६ जुलै १६०९ रोजी चंद्र रेखाटला. गॅलिलीओ यांची रेखाटने बहुधा त्याच वर्षाच्या अखेरची असावीत. त्यांच्या नेमक्या तारखांविषयी मतभेद आहेत. हॅरियट यांनी उजेड-अंधाराची सीमारेषा खडबडीत दाखवली, पण तिच्यातून डोंगरांचे अनुमान काढले नाही. गॅलिलीओ चित्रकलेतील छायाप्रकाशाच्या तंत्राशी परिचित असल्यामुळे त्यांना ते साधले, असे कलेतिहासकार सॅम्युएल एजर्टन यांचे प्रतिपादन आहे. ते आकर्षक असले, तरी गॅलिलीओ यांची दुर्बीणही अधिक शक्तिशाली होती, हे विसरता येत नाही. गॅलिलीओ यांच्या निरीक्षणानुसार सीमारेषेपलीकडे अंधारात चमकणारी शिखरे तिच्यापासून चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या भागाइतकी दूर दिसतात, म्हणजे २,००० मैल व्यास धरल्यास १०० मैल. यावरून काटकोन त्रिकोणाच्या आधारे त्यांनी डोंगरांची उंची चार इटालियन मैलांहून अधिक काढली. त्यांच्या १६१०च्या ग्रंथातील एक विवर मात्र प्रत्यक्षापेक्षा बरेच मोठे छापले आहे. ती चूक नसून मुद्दा ठसवण्यासाठी केलेली अतिशयोक्ती असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गॅलिलीओ यांची म्हणून २००५ मध्ये पुढे आलेली या ग्रंथाची जलरंगातील चंद्रचित्रे असलेली प्रत २०१२ पर्यंत बनावट ठरली, त्यामुळे मधल्या काळातील लेखन जपून वापरावे लागते.

एकाच तंत्राच्या प्रतिमांतून परस्परविरुद्ध निष्कर्षही निघतात. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी यांना, त्यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या रंजनपद्धतीने (पेशी रंगवून ठळक करण्याच्या पद्धतीने) मज्जाऊतक पाहताना अखंड जाळे दिसले, तर स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतिआगो रामोन इ काहाल यांनी त्याच पद्धतीने स्वतंत्र पेशी रेखाटल्या. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेली प्रतिमा विरळ विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींवरून सिद्ध केलेली आहे. अशा अपुऱ्या नोंदींशी एकाहून अधिक प्रतिमा जुळू शकत असल्याने संशोधकांच्या चार गटांनी परस्परांशी संपर्क न ठेवता काम केले आणि नंतर तुलना केली असता सर्वांच्या प्रतिमांत वलय आढळले.