पाणी आहे, पण केव्हा?

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, तिनाहास आल्तास नावाची ओसाड डोंगररांग आहे. ‘तिनाहा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मोठा मातीचा रांजण. प्रवाहाने खडकात कोरलेल्या अशा खोलगटांना मराठीतही रांजणखळगेच म्हणतात. दोन दूरच्या भाषांना एकच भांडं आठवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथे हे रांजण उभ्या कातळात उतरंडीसारखे एकावर एक आहेत. पायथ्याचा हाताशी, म्हणून तो आधी रिकामा होतो. वरच्यांत पाणी असलं, तरी तिथवर चढणं अवघड. नकाशात नुसतं ‘पाणी’ लिहिलं, तर तहानलेल्याला यातलं काय कळणार?

1917 मध्ये भूवैज्ञानिक कर्क ब्रायन यांनी सरकारी सर्वेक्षणासाठी या भागातल्या पाणवठ्यांच्या नोंदी केल्या. कुठला झरा बारमाही, कुठलं डबकं पावसानंतर लगेच आटणारं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. अमेरिकी नकाशांवर हंगामी ओढा निळी रेघ, तीन ठिपके, पुन्हा रेघ असा तुटक काढतात. त्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष केलं, की कोरड्या वाळूत उभं राहायची वेळ येते.

गुरं पाळणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. पाण्यापासून साधारण तीन किलोमीटरपलीकडचं गवत गाई फारसं खात नाहीत, आणि तीव्र चढ तर टाळतातच. म्हणून नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा दाट, म्हणजे चढ तीव्र असेल, तर जवळ दिसणारा झराही कळपाच्या उपयोगाचा नाही. उलट, गाईच नकाशा काढून ठेवतात. उपग्रहचित्रात पाणवठ्याभोवती तुडवलेली उघडी जमीन दिसते, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या पायवाटा तिथे येऊन मिळतात.

झाडंही सांगतात. हिरवं पान अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पण उपग्रहाला टिपता येणारा प्रकाश, जोरात परावर्तित करतं. इथला उन्हाळी पाऊस बहुधा जुलैत सुरू होतो, त्यामुळे जूनच्या चित्रात कोरड्या ओढ्याकाठी ठळक चमकणारी झाडं दिसली, तर मुळांना खाली पाणी लागलेलं असणार. 1972 पासूनच्या लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रांतून अशा जागा वर्षानुवर्षं ताडून पाहता येतात.

पण लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचा साधारण 30 मीटरचा चौकोन. खडकाच्या सावलीतला रांजण त्यात हरवून जातो. तो पाहायला चालतच जावं लागतं, काठी बुडवून खोली मोजावी लागते, आणि नोंदीशेजारी तारीख लिहावी लागते.