रॉथ आयआरएत जास्त पैसे गेलेत? ‘विथड्रॉ’ दाबण्याआधी हे वाचा

टॅक्सचा सीझन सुरू झाला की आमच्या एडिसनच्या (न्यू जर्सी) टॅक्स ऑफिसात हमखास हा प्रश्न येतो: जानेवारीत रॉथ आयआरएत (निवृत्तीसाठी बचतीचं खातं) ७,००० डॉलर टाकले, मग बोनस आला, आरएसयू (कंपनीने पगारासोबत दिलेले शेअर्स) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, आणि उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, आता दंड किती?

२०२५ साठी जॉइंट रिटर्न भरणाऱ्या (पती-पत्नी एकत्र) लोकांची एमएजीआय, म्हणजे या मर्यादेसाठी धरलं जाणारं उत्पन्न, २,३६,००० डॉलरच्या वर गेली की रॉथची मुभा घटत जाते आणि २,४६,००० ला संपते. भारतातल्या एफडीचं व्याज आणि पुण्याच्या फ्लॅटचं भाडंही यात धरतात. हे ऐकून दरवर्षी कुणीतरी चमकतंच. जादा रकमेवर दंड ६ टक्के, म्हणजे पूर्ण ७,००० जादा ठरले तर ४२० डॉलर. पैसे खात्यातून निघेपर्यंत हा दंड दरवर्षी लागत राहतो.

रिटर्न वेळेत भरलं असेल तर १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत रक्कम काढून दंड टाळता येतो. घोळ होतो तो काढण्याच्या पद्धतीत. लोक ॲपवरून बरोब्बर ७,००० काढतात आणि निर्धास्त होतात. ब्रोकरच्या (खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या) लेखी ती साधी उचल. खरं तर त्या पैशावर झालेली कमाईसुद्धा सोबत निघायला हवी. तोटा झाला असेल तर उलट कमीच काढायचे असतात. हा हिशेब ब्रोकर करतो, पण ‘रिमूव्हल ऑफ एक्सेस’चा फॉर्म भरून दिला तरच. मग १०९९-आर वर (खात्यातून काढलेल्या पैशाचा फॉर्म) ‘पीजे’ कोड येतो, म्हणजे जादा रक्कम परत काढल्याची नोंद. नुसता ‘जे’, म्हणजे साधी उचल, आला की दुरुस्तीसाठी फोनाफोनी सुरू, आणि तुमचं रिटर्न आमच्या टेबलावर अडकून पडतं.

शक्यतो हे रिटर्न भरण्याआधीच उरका. त्या कमाईवर कर २०२५ चाच लागतो, त्यामुळे नंतर काढलेत तर १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरावा लागेल आणि त्याची फी वेगळी आहे. पैसे काढायचे नसतील तर त्याच मुदतीत ते पारंपरिक आयआरएत वळवताही येतात. मात्र जुन्या नोकरीचा ४०१(के) (कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) तिथे आणला असेल तर आधी आमच्याशी बोला.

डिसेंबरचं आयआरए स्टेटमेंट मागितलं की काहीजण कुरकुरतात. पण डब्ल्यू-२ वर (नोकरीच्या पगाराचा फॉर्म) आयआरएत किती टाकले हा आकडा नसतो आणि तो दाखवणारा ब्रोकरचा ५४९८ फॉर्म मेअखेर येतो, तोवर रिटर्न गेलेलं असतं.

२०२६ ची मर्यादा ७,५०० आहे आणि ते १५ एप्रिल २०२७ पर्यंत भरता येतात. उत्पन्न काठावर असेल तर घाई नको. नोव्हेंबरमध्ये पे-स्लिप घेऊन या, अंदाज काढून देऊ. जुन्या ग्राहकांना त्याची फी नाही.