पहाटे आठ, दुपारी अठ्ठावीस: खानदेशी थंडीतलं सावरडो

धुळे-जळगावकडची थंडी मोठी फसवी. जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊवर, लाट आली तर धुळ्याला त्याहूनही खाली; आणि दुपारी दोनला बाहेर अठ्ठावीस, स्वेटर खांद्यावर. सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता घरच्या आंबवणावर फुगवलेला पाव, आणि बरणीत जपलेलं ते पीठ-पाण्याचं आंबवण म्हणजे स्टार्टर. थंड देशांतल्या कृतींमध्ये या स्टार्टरसाठी दिलेले तोडगे इथे या फसव्या थंडीमुळेच बसत नाहीत. तिकडे हीटरमुळे घरातलं तापमान दिवसभर एकसारखं असतं, आपल्या ओट्यावरची बरणी एकाच दिवसात दोन ऋतू बघते.

स्टार्टरमध्ये यीस्ट आणि आंबटपणा आणणारे लॅक्टिक जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट पीठ फुगवतं, जिवाणू चव देतात. १९९८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सावरडोमधल्या एका यीस्टचा आणि एका जिवाणूचा वेग वेगवेगळ्या तापमानांना मोजला. यीस्ट २७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमात वाढतं, जिवाणू ३२-३३ ला. ३६ च्या सुमारास यीस्टची वाढ थांबते, जिवाणूंची मात्र चालूच राहते. म्हणून बरणी उन्हात ठेवणं हा इलाज नव्हे. बंद काच उन्हात बघता बघता चाळिशी गाठते, मग आंबटपणा भरपूर आणि फुगवटा नाही. खाली उतरताना ढोबळ हिशोब असा: दहा अंश कमी झाले की वेग निम्मा किंवा तिसरा हिस्सा. २६ अंशांना पाच तासांत दुप्पट होणारा स्टार्टर १६ ला दहा ते पंधरा तास घेणार. तो मेलेला नसतो.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. स्टार्टर फुगला नाही म्हणून घाबरून लोक त्याला पुन्हा खायला, म्हणजे ताजं पीठ-पाणी, घालतात, बारा तासांनी परत घालतात. एक भाग स्टार्टर, एक भाग पीठ, एक भाग पाणी असं घातलं की जिवांची दाटी दर वेळी एक तृतीयांशावर येते. ती भरून यायच्या आत पुढचं पीठ पडलं, तर चार दिवसांत बरणीत नुसती लापशी उरते. थंडीत घड्याळ बघू नका, सुरुवातीच्या पातळीची खूण म्हणून बरणीला लावलेला रबरबँड बघा. स्टार्टर दुप्पट होऊन माथा किंचित खचू लागला की मगच पुढचं पीठ.

गोधडीत गुंडाळून ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. गोधडी ऊब तयार करत नाही, असलेली टिकवते. माणूस स्वतःची ऊब घेऊन गोधडीत शिरतो. दीडशे ग्रॅम पिठाची स्वतःची ऊब नगण्य. थंड बरणी गुंडाळली तर ती जास्त वेळ थंडच राहील. आधी ऊब आत घालायला हवी, आणि ती घालायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी.

समजा पीठ, स्टार्टर आणि पाणी ५०-५० ग्रॅम घ्यायचं आहे. पीठ आणि स्टार्टर १५ अंशांना आहेत, मिश्रण २७ ला हवं. पिठाला तापायला पाण्याच्या निम्म्याहून कमी उष्णता लागते, हे धरून पाणी साधारण ४१ अंशांचं घ्यावं लागतं. एवढं करूनही मिश्रण थंडच लागतं, कारण हिशोबात बरणी धरलेली नसते. पाव किलो वजनाची काचेची बरणी त्या ५० ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता पिते! म्हणून बरणी आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. कोमट पाणी आधी पिठात कालवा, ते ३३ च्या आसपास उतरतं, मग त्यात स्टार्टर घाला. दूध तपासायचा थर्मामीटर असेल तर उत्तम. बोटाला ‘छान गरम’ वाटणारं पाणी बहुधा जास्तच गरम असतं आणि पन्नाशीपुढे यीस्ट मरू लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी तर तसंच्या तसं घालूच नका.

आता ऊब टिकवायची. झाकणाचं थर्माकोलचं खोकं घ्या, त्यात लिटरभर ४५ अंशांच्या पाण्याची बाटली ठेवा, बरणीला न चिकटवता. ही बाटली ३० अंशांपर्यंत निवेपर्यंत सुमारे १५ किलोकॅलरी सोडते. बरणीसकट तेवढं मिश्रण दहा अंशांनी चढवायला दोनसुद्धा लागत नाहीत. बाकीची खोक्याच्या भिंतींतून झिरपते, म्हणून पाच-सहा तासांनी पाणी बदला. रावेर-यावलकडे कडाक्याच्या थंडीत केळीच्या बागांना रात्री विहिरीचं पाणी देतात, त्यामागेही पाण्यातल्या उबेची हीच साठवण आहे. बरणीचं झाकण सैल ठेवा, वायूला वाट हवी.

पीठ चक्कीचं गव्हाचं चालतं, कोंड्यासकट असेल तर स्टार्टर लवकर जागा होतो, फक्त मैद्याइतका उंच चढत नाही. गिरणीतून आणलेलं पीठ हाताला चांगलंच गरम लागतं, ते निवू द्या. कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं) पीठ नको. त्यात बऱ्याच घरी दळतानाच मीठ पडलेलं असतं आणि मीठ या जिवांना मंद करतं.

वर काळपट पाणी साचलं किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर स्टार्टर उपाशी आहे, एक भाग स्टार्टरला दोन-दोन भाग पीठ-पाणी द्या. गुलाबी-केशरी रेघ किंवा बुरशीचा केस दिसला तर मात्र सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा. नवा स्टार्टर करत असाल तर तिसऱ्या दिवशीच्या उसळीवर भाळू नका. ती दुसऱ्याच जिवाणूंची असते, आंबटपणा वाढला की ते मागे पडतात आणि बरणी काही दिवस निपचित दिसते. उन्हाळ्यात आठवड्यात जमणारं काम थंडीत दोन आठवडे खातं.

आणि रात्रीशी भांडत बसू नका. स्टार्टरला सकाळी दहाला खायला घाला, दुपारी तीन-चारला तो माथ्यावर असेल. पाचला पीठ मळा: अर्धा किलो पिठाला शंभर ग्रॅम स्टार्टर, दहा ग्रॅम मीठ. नऊपर्यंत गोळा उबेच्या खोक्यात, मग झाकून सरळ ओट्यावर. पहाटेपर्यंत ओटा पंधरा-सोळावर येतो आणि एरवी फ्रिजमध्ये करायचं संथ आंबवणं फुकटात होतं. सकाळी पिठात बोट दाबून बघा. खळगा हळूहळू अर्धा भरून आला तर भट्टी तापवा, लगेच उसळून भरला तर अजून तासभर थांबा.