जर्मनीतली खर्चकपात आणि नाझींची मते

हिटलर सत्तेवर कसा आला, असे विचारले की बहुतेक जण १९२३ सालच्या जर्मनीकडे बोट दाखवतात. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, पावासाठी टोपलीभर नोटा. पण तारखा जुळत नाहीत. नवे चलन आणून ती महागाई त्याच वर्षाच्या अखेरीस आटोक्यात आली, आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मिळाली अवघी २.६ टक्के मते. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली, जुलै १९३२ मध्ये ३७.३. या दोन वर्षांत भाव चढत नव्हते, घसरत होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेकडून जर्मनीला मिळणारी कर्जे आटली होती. मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झालेल्या हाइनरिख ब्र्युनिंग यांनी सरकारी खर्चाला कात्री लावली. संसद साथ देईना, तेव्हा राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली एकामागून एक वटहुकूम निघाले. सरकारी नोकरांचे पगार कापले, बेकारभत्त्याची मुदत घटवली, विक्रीकर ०.८५ वरून २ टक्क्यांवर नेला. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकारच ६० लाखांवर होते.

पण कपात झाली आणि पाठोपाठ मते वाढली, एवढ्याने कपातच कारण ठरत नाही. दोन्हींच्या मुळाशी मंदी असू शकते. ग्रेगोरी गालोफ्रे-विला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा गुंता सोडवायला राज्यांच्या सीमा कामी आल्या. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा जिल्हा रोजगारधंद्यात सारखाच, पण राज्य वेगळे, त्यामुळे करांचा आणि कपातीचा बोजा वेगळा. जिथे बोजा जास्त, तिथे नाझींची मतेही जास्त निघाली. यात बेकारांचा वाटा मोठा असेल असे आपण धरून चालतो, पण ते अधिक करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींकडे वळले ते मुख्यतः गाठीला थोडेफार असलेले आणि ते हातचे जाताना पाहणारे लोक. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कपातीचे निर्णय घेताना या मधल्या थराचा विचार सहसा कोणी करत नाही.

तरी नुसत्या आर्थिक फटक्याने सगळे उलगडत नाही. जुलै १९३१ मध्ये डानाट बँक बुडाली. ड्रेस्डनर बँकही अडचणीत आली. दोन्हींवर विसंबलेल्या गावांचे उत्पन्न घटले. पण डानाटचे प्रमुख याकोब गोल्डश्मिट ज्यू होते आणि नाझी प्रचाराने त्यांनाच लक्ष्य केले. नाझींची मते डानाटच्या गावांत ठळकपणे वाढली, ड्रेस्डनरच्या गावांत तशी नाही. ज्यूद्वेषाचा जुना इतिहास असलेल्या गावांत तर ही वाढ आणखी मोठी होती. पोळलेल्या लोकांपुढे कोणाला दोषी म्हणून उभे केले जाते, त्यावर मतांची दिशा ठरली.

हे एकट्या जर्मनीचे नाही. मानुएल फुंके, मोरित्स शुलारिक आणि क्रिस्टोफ ट्रेबेश यांनी २० विकसित देशांतल्या १८७० ते २०१४ या काळातल्या ८०० हून अधिक निवडणुका तपासल्या. बँकांच्या संकटानंतर कडव्या उजव्या पक्षांची मते आधीच्या तुलनेत सरासरीने सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. साध्या मंदीनंतर असे होत नाही. संकटानंतरची ही लाट बहुतेक ठिकाणी दहाएक वर्षांत ओसरते, असेही त्यांना आढळले. जर्मनीतही नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मते ३३.१ टक्क्यांवर उतरली होती. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले.